तांब्याची पाव इंची नळी

“हे इंग्रजी नाहीच आहे!” ती म्हणाली.

“नाही तं काय आहे?”

“फ्रेंच आहे. आणि तुम्ही दहा मिनिटं मान हलवून हलवून वाचताय!”

आता सांगा, राग येईन का नाही येईन? मी ते पुस्तक ओट्यावर आपटलं. “मले फ्रेंचपण येते,” मी म्हणलं.

“हो का? मग सांगा ना, काय लिहिलंय?”

“लिहिलं आहे का... नळाले नळी जोडा.”

“आणि पुढे?”

“पुढे लिहिलं आहे का मिस्त्री काम करून राहिला तं मधात मधात बोलू नका.”

ती हासली. म्हणजे पूर्ण नाही — खालचा ओठ दातात धरून, डोळ्यानं. त्यानं तं माही टाळूच तापली. मी पाने-पक्कड झोळ्यात कोंबले, झोळा खांद्यावर टाकला. “चाललो मी. बलवा तुमच्या फ्रेंच मिस्त्रीले.”

ती पटकन दारात येऊन उभी राहिली.

“काहून चालले? काम अर्धं टाकून काहून चालले? एवढा काय राग येऊन राहिला तुमाले? येत नाही तं येत नाही म्हणा लागते, त्यात काय जीव चालला?”

मी जागच्या जागी थांबलो. हे कोण बोललं? सकाळपासून हीच पोट्टी ‘बघा’, ‘करताय’, ‘लिहिलंय’ असं रेडिओवाणी बोलून राहिली होती, अन् आता एका दमात पक्की आमच्याकडची झाली! तिलेही समजलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

“तुम्ही कुठच्या?” मी विचारलं.

“काटोलच्या पुढच्या,” ती खाली पाहत म्हणाली.

“मंग ते ‘लिहिलंय’ काहून?”

“इथं, कुसुमताईंच्या घरी तसंच बोलतात ना... म्हणून सवय लावून राहिली.”

झोळा मी कधी खाली ठेवला, मले माहीतच नाही.

सांगतो सगळं. शहाऐंशीचा मे महिना. नवतपा चालू. नागपुरात त्या नऊ दिवसाच्या उनात रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. माहं नाव रविंद्र, वय एकोणीस. नववीत मास्तरनं उगाच माहं नाव घेतलं, मी त्याले उलटून बोललो अन् जे निघालो ते निघालो, शाळेचं तोंड पुन्हा पायलं नाही. मामा नळाचे कामं घेते — भैय्याजी म्हणते त्याले सगळे — त्याच्या हाताखाली मी शिकलो. मामा जरीपटक्यात एका मोठ्या कामावर अडकला होता, म्हणून धंतोलीतल्या डॉक्टरकडे मले एकट्याले पाठवलं. जातानी म्हणला, “काबे रव्या, तिथं तोंड बंद ठेवजो.”

काम असं होतं का डॉक्टरच्या भावानं अमेरिकेहून फ्रिज पाठवला होता. जहाजातून! दोन दाराचा, आमच्या आलमारीपेक्षा मोठा. बाजूले एक ट्रान्सफॉर्मर ठेवला होता, तो दिवसभर भुंग्यावाणी गुणगुण करे. अन् ह्या फ्रिजले म्हणे मागून पाण्याची नळी जोडली का आत आपोआप बर्फाच्या वड्या पडते. भरा लागत नाही, काढा लागत नाही. फ्रिजवाल्या दुकानातला माणूस येऊन पाहून गेला, ‘हे आमचं काम नाही’ म्हणून सायकलवर बसला.

अन् ही पोट्टी म्हणजे मनकर्णा. तिचे वडील रुपराव, डॉक्टरच्या घरची शेती पाहत. बारावी झाली होती तिची. डॉक्टरच्या घरी राहे, अन् घराले लागूनच त्यायचा दवाखाना, तिथं केसपेपर लिहे. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाले कायम शाई. तिले नर्सिंगले जाचं होतं.

“डॉक्टरसाहेबांची चिठ्ठी लागते,” तिनं उलट्या बादलीवर बसत सांगतलं. “फॉर्मची तारीख सोमवारची. साहेब म्हणाले, नर्सिंगचे सगळे पुस्तकं इंग्रजीत असतात, तुला झेपेल का? मी म्हटलं, झेपेल. तर म्हणाले, मग आधी हे फ्रिजचं पुस्तक वाचून दाखव. मिस्त्रीकडून बर्फ पाडून दाखव. मग देतो चिठ्ठी.”

“म्हणजे बर्फ पडला तं चिठ्ठी?”

“हो.”

“अन् नाही पडला तं?”

“तर बाबा येतात अन् मला घेऊन जातात.” मंग हळूच म्हणाली, “पाहून ठेवलंय त्यांनी एक स्थळ...”

मी नळीचं भेंडोळं सोडलं. तांब्याची पाव इंची नळी, जरीपटक्यातल्या एका फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून आणलेली. नवी कोरी, लालसर, उनात चमके. “वाचा मंग,” मी म्हणलं. “इंग्रजीतलं.”

ती एका मांडीवर पुस्तक अन् एका मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचे. एक ओळ वाचे, डिक्शनरीत बोट फिरवे, सांगे. मी ओट्याखाली आडवा पडून ऐको. मधातच डिक्शनरीचे पानं पुन्हा उलटल्याचा आवाज आला.

“काय झालं?”

“एक शब्द आहे... अर्थ जरा विचित्र आहे.”

“सांगा तं.”

“खोगीर.”

मी ओट्याखालून डोकं काढलं. “खोगीर? घोड्याचं?”

“पाईपावर आधी खोगीर बसवा, असं लिहिलंय.”

“बाप्पा! अन् घोडा कुठून आणू? टांगास्टँडवरून?”

“मी काय करू? तसंच लिहिलंय!”

तिनं चित्र दाखवलं, अन् खरंच — दोन अर्ध्या पट्ट्या पाईपाच्या दोन्ही बाजूनं आवळाच्या, वरतून पाणी उघडा-बंद कराचा एक छोटा व्हॉल. पाईपावर टांग टाकून बसल्यावाणीच दिसे ते. डब्यात तयार आलं होतं. आम्ही दोघंही इतके हासलो का कुसुमताई — डॉक्टरच्या बायको — आतून म्हणाल्या, “काय गं मनकर्णा, काम चाललंय ना?”

“चाललंय ताई!” ती एकदम रेडिओ झाली.

नळी ओट्यापासून भिंतीमागून कोठीच्या खोलीत गेली अन् तिथून फ्रिजच्या मागं निघाली. वीस-बावीस फूट. जोडाच्या आधी आतून फुकून पाहा लागते, चुरा-बिरा राहिला तं फ्रिजच्या तोंडात जाते. मी इकडच्या टोकाशी, ती तिकडच्या. मधात दोन भिंती.

“हवा येते का पाहा!” मी ओरडलो अन् फुकलं.

काही आवाज नाही. मी पुन्हा फुकलं, जोरात. तिकडून शिंक आली!

मी घाबरलो. मंग मले वाटलं, नळीतून काहीतरी येऊन राहिलं. कान लावला. बारीक, गार, कानात गुदगुली करणारा आवाज — “डोळ्यात गेलं ना...”

मी नळी तोंडाशी धरली. “सॉरी.”

कानाशी धरली.

“काय म्हणता? ऐकू नाही येत.”

“सॉरी म्हणलं!”

“हं... हे इंग्रजी येतं वाटतं.”

असा राग आला मले... पण आला आणि गेला. पहिल्यांदाच असं झालं. मी नळी हातात धरून बसलो. भिंतीपलीकडं तिचा श्वास ऐकू येत होता, माह्या अगदी कानात. समोर बसली असताना मी तिच्याकडं चार वेळा पायलं असन, चारही वेळा तिनं पकडलं. अन् आता दोन भिंती मधात होत्या तं जास्त जवळ वाटे.

“नाव काय तुमचं?” नळीनं विचारलं. “सकाळपासून मिस्त्री मिस्त्री म्हणून राहिली मी.”

“रविंद्र.”

“चांगलं आहे.” मंग — “आता जोडा, नाहीतर ताई येतील.”

जोडतानी तिनं शेवटची एक गोष्ट वाचली. “पाण्याचा दाब वीसपेक्षा कमी नसावा.”

“वीस काय?”

“पाउंड लिहिलंय.”

“पाणी काय तराजूत मोजते का?” मी पाना आवळत म्हणलं. “वरची टाकी भरून आहे. भरपूर झालं.”

“पण लिहिलंय ना... कमी असला तर आतला व्हॉल नीट बंद होत नाही, असं लिहिलंय. दोनदा वाचलं मी.”

“नळाचं काम मी करून राहिलो का तुम्ही?”

तिनं पुस्तक मिटलं. मी व्हॉल उघडला, फ्रिजमधी पाणी गेल्याचा बारीक सूं आवाज आला, मी छाती फुगवून निघून आलो. जातानी तिच्याकडं पायलंही नाही... म्हणजे पायलं. एकदाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ पाहाले गेलो तं स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. व्हॉल बंद झालाच नव्हता. रात्रभर बारीक धारेनं पाणी जात राहिलं, आतला डबा एक अख्खा बर्फाचा दगड झाला, अन् बाकीचं पाणी दारातून खाली. मनकर्णा लुगडं खोचून पोतेरं पिळत होती. डोळे लाल.

कुसुमताई कोरड्या पायरीवर उभ्या होत्या. “आलास का रे? तुझी चूक नाही म्हणा. ही म्हणाली, माझीच एक ओळ वाचायची राहून गेली, म्हणून मिस्त्रीला सांगितलं नाही. डॉक्टर म्हणाले, एवढंसं पुस्तक वाचता येत नाही तर पुढच्या वर्षी बघू. फोन केलाय गावाला, रुपराव येतील उद्या.”

मी मनकर्णाकडं पायलं. तिनं पोतेरं पिळतापिळता मान हलवली — इतकीशीच. ‘बोलू नका.’

माहं डोकं तापलं म्हणजे मी समोरच्यावर तापतो, हे सगळ्या मोहल्ल्याले माहीत आहे. त्या दिवशी समोर कोणीच नव्हतं. स्वतःवर तापलो.

ताई आत गेल्या तसा मी म्हणलं, “काहून घेतलं अंगावर?”

“जाऊ द्या ना.”

“काहून म्हणतो मी!”

“डॉक्टरसाहेब तुमच्या मामाले सांगते, मामा तुमाले कामावरून काढते,” ती खालीच पाहत बोलली. “पुन्हा कुठी जाल तुम्ही? काल तुमीच सांगतलं ना, शाळाही सोडली. असे भांडत भांडत किती दारं सोडाल?”

माह्या आईशिवाय माही अशी फिकीर कोणी केली नव्हती. अन् हिची माही ओळख किती? एका दिवसाची. एका नळीची.

मी तसाच भिजलेल्या पायानं मधल्या दारातून दवाखान्यात गेलो. बाकड्यावर पेशंट बसून. कंपाउंडर “ए, ए” करत आला, मी त्याच्या हाताखालून घुसलो. डॉक्टर एका म्हाताऱ्याची छाती तपासत होते. कानात त्यायच्या नळ्या.

“साहेब, तिनं बरोबर वाचलं होतं.”

त्यायनं नळ्या काढल्या. “काय?”

“दाबाचं. वीस पाउंडाचं. तिनं वाचलं, दोनदा वाचलं. मी ऐकलं नाही.”

“का नाही ऐकलंस?”

खोटं बोलता आलं असतं. तोंडात तयारच होतं. पण म्हाताराही माह्याकडं पाहून राहिला होता, अन् मागं दारात, मले न पाहताही कळलं, ती येऊन उभी होती.

“मले इंग्रजी येत नाही, साहेब. अन् जिले येते तिचं ऐकाची लाज वाटली. चूक माही आहे. मामाची नाही, तिची तं बिलकुलच नाही. तिची चिठ्ठी रोखू नका.”

म्हातारा म्हणला, “पोरगं खरं बोलून राहिलं, डाक्टरसाहेब.” कंपाउंडर हासला.

“मनकर्णा,” डॉक्टर म्हणाले, “वीस पाउंड दाब म्हणजे काय? सांग.”

ती पुढं आली. हात ओले, पदरालेच पुसले. “पाणी जितकं उंचावरून येतं तितका दाब... वीस पाउंडाला सेहेचाळीस फूट उंची लागते. घराची टाकी वीस फुटांवर आहे. म्हणून नाही पुरला.” हे तिनं पहाटे काढलं होतं. पाणी पुसतापुसता, जुन्या केसपेपरच्या पाठीवर.

“मग आता?”

तिनं माह्याकडं पायलं. हे तिच्या पुस्तकात नव्हतं. हे माहं होतं.

“दवाखान्याची टाकी, साहेब!” मी म्हणलं. “तीन माळे, त्याच्यावर गच्ची, त्याच्यावर टाकी. तिथून लाईन खाली आणतो.”

“सेहेचाळीस भरतील?”

“मोजतो ना.”

“मोज,” ते म्हणाले अन् नळ्या पुन्हा कानात घातल्या. “दोघंही मोजा.”

नवतप्याचं ऊन, दुपारचे बारा. गच्चीवर पाय ठेवता येत नव्हता. मी टाकीच्या बुडाशी लटकून दोरी खाली सोडली, टोकाले लोखंडी नट बांधून. ती खाली अंगणात. दोरी वाऱ्यानं हाले, ती धावत धावत नट पकडे.

“टेकला का?”

“टेकला!”

दोरी ओढून सावलीत टेपनं मोजली. एक टोक तिच्या हातात, एक माह्या. आम्ही दोघं जिन्यात बसून वाकून वाकून मोजत होतो, अन् प्रत्येक वेळी टेप संपला का आमचे हात एका जागी येत. चाळीस... चव्वेचाळीस... मी श्वास रोखला. सेहेचाळीस गेले, तरी दोरी होतीच.

“एकोणपन्नास!” ती ओरडली, अन् माह्या खांद्यावर थापच मारली. मंग हात असा मागं घेतला जसा का चटका बसला.

संध्याकाळपर्यंत मी लाईन खाली उतरवली. इतकं चांगलं काम मी आजपर्यंत केलं नाही. प्रत्येक जोड तिनं पुस्तकात पाहून सांगतला अन् मी ऐकला. मुकाट्यानं! मामा जरीपटक्यावरून पाहाले आला, दहा मिनिटं उभा राहिला, मले म्हणला, “तब्येत बरी आहे ना बे तुही?”

डब्यातला बर्फाचा दगड काढून व्हॉल उघडला. सूं झालं... अन् थांबलं. बरोबर थांबलं. आम्ही फ्रिजसमोर फरशीवर बसलो. ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. दीड-दोन तास झाले असन — आत एकदम धडधड धडधड आवाज झाला! मी दचकून उभाच झालो. तिनं दार उघडलं. डब्यात आठ वड्या, अर्ध्या चंद्रावाणी, धूर निघत असलेल्या.

“पहिल्या फेकाच्या आहे,” ती म्हणाली. “नवीन नळीचा वास असते म्हणे.”

“फेकू नको,” मी म्हणलं. “दे इकडं.”

तिनं माह्या दोन्ही हातावर त्या ओतल्या. दिवसभर पाना आवळून हाताले फोड आले होते. गार... इतकं गार का डोळ्यात पाणी आलं. बर्फानंच आलं, दुसरं काही नाही.

“मनकर्णा,” मी म्हणलं. “मी आजपर्यंत कोणाचे उपकार मानले नाही. मास्तरचे नाही, मामाचे नाही. मानता येत नाही मले, जीभ अडकते. पण तुहे...”

जीभ अडकली.

“तुहे काय?” ती म्हणाली. डोळ्यानं हासत, कालच्यावाणी.

“तुहे मानतो. अन्...”

“अन् काय, सांग ना गा.”

आमच्याकडं ‘गा’ म्हणजे तुमच्याकडचं ‘रे’, हे तुमाले माहीत असन. बाजारात कोणीही कोणालेही म्हणते. पण ती दोन दिवस त्या घरात ‘बघा’ अन् ‘तुम्ही’ करून बोलत होती, अन् ते ‘गा’ तिच्या तोंडातून असं आलं जसं का किती वर्षापासून माह्यासाठीच ठेवलं होतं.

“अन् मले तू लय आवडते,” मी म्हणलं. “आता हास.”

ती हासली नाही. माह्या हातावरची एक वडी उचलली, आपल्या दोन्ही डोळ्याले लावली, गालाले लावली. मंग हळूच बोलली, “नळीत फुकलं ना तू, तेव्हाच समजलं होतं मले.”

“काय समजलं?”

“हेच. का हा डोळ्यात जाणारा माणूस आहे.”

तेवढ्यात कुसुमताई आल्या अन् आम्ही दोघंही फ्रिजच्या मागं काहीतरी पाहाले लागलो.

चिठ्ठीवर त्याच रात्री सही झाली. दुसऱ्या दिवशी रुपराव आले ते लेकीले न्यायले, अन् गेले बर्फाचं पाणी पिऊन, फॉर्मवर अंगठा देऊन. डॉक्टरनं त्यायले काय सांगतलं माहीत नाही, पण ते माह्या पाठीवर हात फिरवून गेले. मी त्या डॉक्टरचे उपकार मानतो. त्या म्हाताऱ्याचे मानतो, त्याचं नावही मले माहीत नाही. त्या फ्रिजचे मानतो. अमेरिकेतल्या ज्या माणसानं त्या पुस्तकात इंग्रजीच्या आधी फ्रेंच छापलं, त्याचे तं लयच मानतो. पाहा, एकदा जीभ सुटली का सुटली.

जुलैत ती अमरावतीले ट्रेनिंगले गेली. जातानी मी स्टँडवर गेलो, तिच्या वडिलासमोर काही बोलता आलं नाही. बस निघाली तेव्हा तिनं खिडकीतून शाईचं बोट दाखवलं, बस एवढंच. ट्रेनिंगचे तीन वर्षं म्हणजे लय होते. सुरुवातीले मी चार दिवस कोणाशी बोललो नाही, मामाशी दोनदा भांडलो. मंग भांडण सोडलं. डॉक्टरच्या ओळखीनं धंतोलीतले दोन दवाखाने भेटले, आता लाईनी मी एकटा टाकतो, अन् पुस्तक असलं तं आधी पुस्तक उघडतो.

परवा तिचं पत्र आलं. लिहिते — होस्टेलवर रविवारी चार ते सहा भेटता येते, पण मॅट्रनच्या वहीत येणाऱ्याचं नाव आधीच लिहा लागते. तुहं लिहिलं. बाजूले ‘नातं’ म्हणून एक रकाना आहे. भाऊ लिहाले हात धजला नाही, अन् दुसरं काही लिहाची हिंमत नाही झाली. मॅट्रनले म्हणलं, तो स्वतः येऊन लिहीन.

दोन दिवसापासून ते पत्र खिशात आहे. आईले काल सगळं सांगतलं. आज पहाटे उठून तिनं तिळाच्या पोळ्या केल्या. त्या रकान्यात काय लिहाचं ते माहं ठरलं आहे. पण तिच्या आधी तुमाले सांगणार नाही, राग आला तं येऊ द्या. आज रविवार आहे, साडेअकराची बस आहे, अन् आई डबा धरून दारात उभी आहे — मले निघा लागते आता.